बारा-पंधरा जणांच्या ऑफिसला मेल सर्व्हर: सॉफ्टवेअर फुकट, मग पैसे लागतात कुठे?

हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, अकोट या पट्ट्यातली एखादी जिनिंग-प्रेसिंग घ्या, शेतकरी उत्पादक कंपनी घ्या, नाहीतर तालुक्याची पतसंस्था. संगणक दहा ते वीस, आणि ईमेलचा कारभार बहुधा एकाच फुकटच्या पत्त्यावर. पासवर्ड दिवाणजींच्या टेबलाच्या काचेखाली. गाठींचा लॅब रिपोर्ट, ई-वे बिल, बँकेचं स्टेटमेंट, विमा कंपनीचं पत्र, सगळं तिथेच पडतं. कोणी वाचलं, कोणी पुसलं, पत्ता लागत नाही. मग कधीतरी ठरतं की आपल्या नावाचं डोमेन घेऊ आणि आपला सर्व्हर बसवू. नागपूरहून कोटेशन येतं. विंडोज सर्व्हर, माणशी परवाने, वर्षाचा मेन्टेनन्स धरून आकडा असा असतो की मालक विषयच बंद करतात.

विषय बंद करायचं कारण नाही. मेल सर्व्हरचं उत्तम सॉफ्टवेअर फुकट आहे आणि ते जुन्या डेस्कटॉपवर चालतं. पण सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं तरी मेलचं एक काम गावातल्या लाईनवरून नीट होत नाही. ते काम कोणतं हे कळलं की निवड सोपी होते.

तीन कामं, तीन वेगळे प्रोग्राम

मेल सर्व्हर म्हणजे एक प्रोग्राम नसतो. बाहेरून आलेली मेल घेणं, ती प्रत्येकाच्या मेलबॉक्समध्ये ठेवून मागेल तेव्हा दाखवणं, आणि आपली मेल बाहेर पाठवणं ही तीन कामं आहेत. घेणं आणि पाठवणं पोस्टफिक्स किंवा एक्झिम करतं. ठेवणं आणि दाखवणं डव्हकॉट करतं. ब्राउझरमधून मेल वाचायची तर वर राउंडक्यूब. स्पॅम गाळायला आरस्पॅमडी किंवा स्पॅमअसॅसिन. ही सगळी फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर आहेत. पोस्टफिक्स १९९८ पासून आहे, एक्झिम त्याच्याही आधीचं. तयार पॅकेज म्हणून जे विकलं किंवा वाटलं जातं त्यातल्या बहुतेकांच्या पोटात हेच तुकडे असतात.

ठेवणं सोपं आहे. घेणंही जमतं. घोडं अडतं ते पाठवण्यात.

गावातल्या लाईनवरून पाठवलेली मेल का पोचत नाही

पहिली अडचण आयपी पत्त्याची, म्हणजे इंटरनेटवरच्या तुमच्या जोडणीच्या क्रमांकाची. मोबाईल डेटावर आणि बऱ्याच स्वस्त फायबर प्लॅनवर कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. ओळखायचं कसं? राउटरच्या पानावर वॅन आयपी बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत कशानेही सुरू होत असेल, किंवा १० ने, तर तुमचा पत्ता वाटून घेतलेला आहे आणि बाहेरून कोणीही तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचू शकत नाही. तिथे राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे आत यायचं क्रमांकाचं दार, उघडण्यात वेळ घालवू नका, काही उपयोग होत नाही.

दुसरी, पोर्ट २५. सर्व्हर ते सर्व्हर मेल याच पोर्टवरून जाते आणि स्पॅमच्या भीतीने घरगुती जोडणीवर तो बहुतेक ठिकाणी बंद असतो. मोठ्या क्लाउड कंपन्यांकडेसुद्धा नवीन खात्याला तो सहसा बंदच मिळतो.

तिसरी, उलटी नोंद, म्हणजे पीटीआर. नावावरून आयपी शोधतात तसं समोरचा सर्व्हर आयपीवरून नाव शोधून बघतो. ही नोंद तुमच्या डोमेनच्या पॅनलमध्ये करता येत नाही. ज्याचा आयपी, त्याच कंपनीने ती करायची असते. स्टॅटिक आयपीचे पैसे भरल्यावरही तालुक्याच्या कार्यालयात पीटीआर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागेल अशी तयारी ठेवा.

चौथी अडचण सर्वांत चिवट. जीमेल, आउटलुक अशा मोठ्या सेवा पाठवणाऱ्या आयपीची पत बघतात. कधीच कर्ज न घेतलेल्या माणसाला बँक जसं सावधपणे बघते तसं नव्या आयपीकडे बघितलं जातं, आणि घरगुती जोडण्यांचे पत्ते तर स्पॅमहाउस या संस्थेच्या पीबीएल यादीत, म्हणजे थेट मेल पाठवू नये अशा पत्त्यांच्या यादीत, आधीच असतात. मेल परत येते किंवा स्पॅममध्ये जाते. दुसरी शक्यता जास्त वाईट, कारण पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही आणि सौदा दुसऱ्याशी होऊन जातो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने नियम आणखी कडक केले: एसपीएफ किंवा डीकिम (मेल खरंच तुमच्या डोमेनची आहे हे दाखवणाऱ्या खुणा, पुढे सांगितल्या आहेत) प्रत्येकाला हवंच, पीटीआर हवी, टीएलएस म्हणजे वाटेतलं कुलूप हवं, आणि दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क तिन्ही.

म्हणून आमचा सल्ला सरळ आहे. मेल स्वतःकडे ठेवा, हवं तर घ्याही, पण शेवटच्या टप्प्याचं पाठवणं पैसे देऊन दुसऱ्याकडे सोपवा. याला रिले म्हणतात. पैसे लागतात ते इथे, आणि ते फार नसतात. ॲमेझॉनची एसईएस सेवा दर हजार मेलला १० अमेरिकी सेंट घेते, अटॅचमेंटच्या वजनाचे थोडे वेगळे, आणि तिचं मुंबई केंद्रही आहे. जिनिंगच्या ऐन हंगामातही महिन्याला दोन-तीन हजार मेल जातात असं धरलं तरी खर्च चहापाण्याचा. एक खाचखळगा लक्षात ठेवा: नवीन खातं आधी चाचणी अवस्थेत असतं. तोवर चोवीस तासांत २०० च मेल जातात आणि त्याही फक्त पडताळलेल्या पत्त्यांना. सर्व्हर लावायच्या आठवडाभर आधी ही अवस्था उठवण्याचा अर्ज करून ठेवावा.

सर्व्हर लागतोच का?

माणसं आठ-दहाच्या आत असतील तर नाही लागत. झोहो मेल, गूगल वर्कस्पेस किंवा वेबसाईटच्या होस्टिंगसोबत मिळणारे मेलबॉक्स घ्या आणि मोकळे व्हा. होस्टिंगच्या मेलला दोन मर्यादा आहेत: तासाला किती मेल पाठवता येतील यावर बंधन असतं, आणि त्याच आयपीवर शेजारच्या कोणी स्पॅम केला तर तुमचीही मेल अडते. पतसंस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस सगळ्या सभासदांना एका दमात पाठवायची असेल तर पहिली मर्यादा हमखास आडवी येते.

सर्व्हरचा विचार करायचा तो बारा-पंधरा ते वीस-पंचवीस मेलबॉक्स असतील तेव्हा. समजा एका मेलबॉक्सला महिन्याला १०० रुपये पडतात. २५ जणांचे वर्षाला ३०,००० होतात. शिवाय लाईन मंद असेल तर स्वतःच्या सर्व्हरचा एक फायदा रोज दिसतो. वजनकाट्यावरून हिशेब खात्याला गेलेली १५ एमबीची फाईल आधी मुंबईला जाऊन परत येत नाही, आतल्या आत पोचते. लाईन तुटलेली असली तरी आतली मेल आणि जुनी मेल चालूच राहते.

कोणतं सॉफ्टवेअर

साधं डेबियन लिनक्स, त्यावर पोस्टफिक्स आणि डव्हकॉट. आमची पहिली पसंती हीच. २ जीबी रॅममध्ये वीस-पंचवीस माणसं आरामात बसतात. बटणं नाहीत, सगळं मजकुराच्या फाईलमध्ये लिहावं लागतं, पण एकदा बसवलं की वर्षानुवर्षं हात लावायला लागत नाही. फक्त एक ठेच आजकाल बरेच जण खातात. डव्हकॉटची २.४ आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली आणि तिने सेटिंग लिहायची पद्धतच बदलली. डेबियन १२ सोबत २.३ मिळते, डेबियन १३ सोबत २.४. जुन्या सूचना वाचून नव्या आवृत्तीत उतरवल्या की सेवा सुरूच होत नाही. कोणतीही सूचना वापरण्याआधी ती कोणत्या आवृत्तीची आहे ते बघा.

फाईलची भीती वाटत असेल तर आयरेडमेल बघा. तेच तुकडे एका फटक्यात बसवून देतं आणि वापरकर्ते जोडायला पान देतं. मेलकाऊ दिसायला सगळ्यात देखणं, पण डॉकरवर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवण्याची सोय) चालतं आणि ६ जीबी रॅम मागतं. मेल-इन-अ-बॉक्स भाड्याच्या सर्व्हरसाठी छान, १ जीबीत भागतं, मात्र त्याला अख्खं यंत्र स्वतःला हवं आणि सार्वजनिक आयपीही हवाच. ऑफिसच्या कोपऱ्यातल्या संगणकासाठी ते नाही. स्टॉलवर्ट हे नव्या दमाचं, सगळं एकाच प्रोग्राममध्ये. चांगलं आहे, पण अडलं तर तालुक्यात विचारायला कोणी मिळणार नाही.

झिंब्राचं नाव अजून कोटेशनमध्ये दिसतं. त्याची तयार, फुकट मिळणारी शेवटची आवृत्ती ८.८.१५, आणि तिचा आधार २०२३ च्या अखेरीस संपला. विंडोजवरचं एचमेलसर्व्हर अनेक वर्षं लहान ऑफिसांचं लाडकं होतं. त्याचंही काम थांबलेलं आहे, सुरक्षेची दुरुस्ती येत नाही. चालू असेल तर घाबरून आज बंद करू नका, पण नवीन बसवू नका. मायक्रोसॉफ्ट एक्सचेंजच्या २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कोणी त्यांचे जुने परवाने स्वस्तात देतो म्हणाला तर ते स्वस्त नाहीत.

निवडताना आणखी एक प्रश्न विचारा, बाकी सगळ्यांपेक्षा मोठा: मार्चअखेरीच्या धावपळीत हे बंद पडलं तर बघणार कोण? ज्याला लिनक्सची आज्ञा ओळ येते असा माणूस तासाभराच्या अंतरावर नसेल, तर सगळ्यात साधं तेच घ्या, नाहीतर सर्व्हरच नको.

मधला मार्ग: बाहेर गोळा, आत साठा

ग्रामीण भागात सर्वांत नीट चालणारी रचना अशी. डोमेनची मेल आधी होस्टिंग कंपनीच्या मेलबॉक्समध्ये उतरते. ऑफिसातला सर्व्हर दर पाच मिनिटांनी तिथून ती ओढून आणतो आणि डव्हकॉटमध्ये टाकतो. बाहेर जाणारी मेल पोस्टफिक्स रिलेकडे देतो. दोन्ही वेळी जोडणी आतून बाहेर होते, त्यामुळे स्टॅटिक आयपी लागत नाही, पोर्ट उघडावा लागत नाही, पीटीआरचा प्रश्न येत नाही. जिओ, एअरटेल, बीएसएनएल, कोणतीही लाईन चालते.

ओढण्यासाठी गेटमेल किंवा फेचमेल. इथे पैसे वाचवायला एक शॉर्टकट मारला जातो आणि तो नडतो. होस्टिंगवर एकच मेलबॉक्स घ्यायचा, सगळ्या पत्त्यांची मेल त्यात पाडायची आणि सर्व्हरने नाव बघून वाटायची. पण मेल त्या मेलबॉक्समध्ये पडते तेव्हा खऱ्या पाकिटावरचा पत्ता बऱ्याचदा निघून गेलेला असतो. राहतात त्या मेलच्या आतल्या ‘टू’ आणि ‘सीसी’ ओळी. बीसीसीने आलेल्या मेलमध्ये तुमचं नाव त्या ओळींत नसतंच, गटाला आलेल्या मेलमध्ये फक्त गटाचा पत्ता असतो. अशी मेल कोणाची हे प्रोग्रामला कळत नाही. ती कुठेतरी एकत्र पडते किंवा हरवते. फेचमेलच्या माहितीपुस्तिकेत या गैरवापराबद्दल वेगळा इशाराच दिलेला आहे. माणशी वेगळा मेलबॉक्स घ्या, विषय मिटतो. पंधरा मेलबॉक्सवाला होस्टिंग प्लॅन घेताना आकार लहान चालेल, कारण मेल तिथे राहणारच नाही.

की थोडी राहू द्यावी? राहू द्यावी. खरेदीवाला दिवसभर बाजार समितीच्या आवारात असतो, त्याला मेल मोबाईलवर हवी, आणि वाटून घेतलेल्या आयपीमागचा ऑफिसचा सर्व्हर त्याला बाहेरून दिसत नाही. म्हणून गेटमेलला सांगायचं की ओढलेली मेल १४ दिवसांनी पुसायची, लगेच नाही. फोन होस्टिंगचा मेलबॉक्स बघतो, ऑफिसचे संगणक आतला साठा बघतात. फोनवरून केलेलं उत्तर मात्र ऑफिसच्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये दिसत नाही. ज्यांना ते चालणार नाही त्यांनी वायरगार्डचं व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या जाळ्यात यायचा खाजगी रस्ता, लावावं, पण त्यासाठी बाहेर सार्वजनिक आयपीचा एक छोटा भाड्याचा सर्व्हर लागतो. तो घ्यायचाच असेल आणि माणूस जाणता असेल, तर सगळी मेलच मुंबई-बेंगळुरूच्या भाड्याच्या सर्व्हरवर ठेवण्याचा विचार करा. घेण्याआधी लेखी विचारा: पोर्ट २५ उघडा मिळेल का, आणि पीटीआर मला बदलता येईल का?

बसवताना

यंत्र म्हणून आय-थ्रीचा जुना डेस्कटॉप किंवा मिनी पीसी, ८ जीबी रॅम, २५६ किंवा ५१२ जीबीच्या दोन एसएसडी आरशासारख्या जोडलेल्या, म्हणजे एक गेली तरी दुसरीवर काम चालू. जागेचा हिशेब असा: १५ माणसं, दिवसाला ३० मेल, सरासरी २०० केबी, दिवसाचे ९० एमबी, वर्षाच्या ३०० दिवसांचे २७ जीबी. पाच-सहा वर्षांची सोय ५१२ मध्ये सहज होते.

जुन्या यंत्रात सीआर २०३२ चा सेल आधी बदला. वीस-पन्नास रुपयांची वस्तू आहे, पण तो मेलेला असेल तर प्रत्येक वीज गेल्यावर घड्याळ मागे जातं, मग सुरक्षा प्रमाणपत्र ‘अजून लागूच झालेलं नाही’ असं वाटून जोडण्या नाकारल्या जातात, आणि माणूस दिवसभर पासवर्ड तपासत बसतो. सोबत क्रोनी लावून वेळ नेटवरून जुळवून घ्या.

पोस्टफिक्समध्ये चार गोष्टी हातानं बघायच्याच. ‘मायनेटवर्क्स’ मध्ये फक्त ऑफिसच्या जाळ्याचा पट्टा असावा; तिथे चुकून सगळं जग लिहिलं आणि सर्व्हर बाहेरून दिसत असला तर तो खुला रिले होतो, म्हणजे कोणाचीही मेल पुढे पाठवतो, आणि काही तासांत स्पॅमवाले त्याला शोधून काढतात. ‘रिलेहोस्ट’ मध्ये रिलेचं नाव चौकोनी कंसात लिहा आणि पुढे पोर्ट ५८७. कंस नसला तर पोस्टफिक्स त्या नावाची एमएक्स नोंद (डोमेनची मेल कुठे उतरवायची हे सांगणारी) शोधायला जातो आणि भलत्याच दारावर उभा राहतो. रिलेच्या पासवर्डची फाईल फक्त रूटला, म्हणजे यंत्राच्या मुख्य खात्याला, वाचता येईल अशी ठेवा, आणि ती बदलली की पोस्टमॅप ही आज्ञा चालवायला विसरू नका. विसरलात तर जुनाच पासवर्ड जात राहतो. चौथं, मेलचा कमाल आकार. मुळात तो १ कोटी २ लाख ४० हजार बाइट, म्हणजे जेमतेम १० एमबी असतो, आणि अटॅचमेंट पाठवताना तिचं वजन एक तृतीयांशाहून थोडं जास्त वाढतं. म्हणून ८ एमबीची पीडीएफ सुद्धा परत येते आणि लोक म्हणतात सर्व्हर खराब. मर्यादा ३५ एमबीच्या आसपास ठेवली की जीमेलच्या २५ एमबीच्या फाईलला जागा होते. रिलेची मर्यादाही तपासा. दोन्हींत जी लहान तीच खरी.

रिले म्हणून होस्टिंगचाच मेलबॉक्स वापरत असाल तर आणखी एक गाठ. बरेच होस्टिंगवाले ज्या नावाने लॉगिन केलं त्याच पत्त्यावरून मेल पाठवू देतात. सगळ्यांची मेल एकाच लॉगिनने गेली तर ती नाकारली जाते. पोस्टफिक्समध्ये पाठवणाऱ्याप्रमाणे वेगळं लॉगिन लावण्याची सोय आहे, ती वापरावी लागते.

व्हायरससाठी क्लॅमएव्ही बसवायचा मोह होतो. तो एकटा दीड जीबीच्या आसपास रॅम खातो आणि यादी ताजी करताना काही वेळ जवळपास दुप्पट. ४ जीबीच्या यंत्रावर तेवढ्यात लिनक्स त्याला मारून टाकतं, आणि त्याच्या उत्तराची वाट बघत मेल रांगेत अडकून राहते. लहान यंत्रावर त्यापेक्षा ईएक्सई, जेएस, व्हीबीएस, आयएसओ असल्या फाईली दारातच नाकारणं स्वस्त आणि परिणामकारक.

वापरकर्त्यांच्या संगणकावर खातं आयमॅपने (मेल सर्व्हरवरच ठेवून दाखवणारी पद्धत) जोडा, पोर्ट ९९३. जुन्या सवयीने कोणी पॉपने (मेल संगणकात उतरवून घेणारी पद्धत) जोडलं आणि ‘प्रत सर्व्हरवर ठेवा’ ही खूण करायची राहून गेली, तर सगळी मेल त्या एका संगणकात उतरते आणि सर्व्हर रिकामा होतो. प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं, ९० दिवस चालतं. बाहेरून न दिसणाऱ्या सर्व्हरलाही ते मिळतं. फक्त पडताळणी डीएनएस नोंदीने, म्हणजे डोमेनच्या पॅनलमधल्या नोंदीने, करायची आणि नूतनीकरण आपोआप होईल असं लावायचं.

डोमेनच्या नोंदी

एसपीएफ ही नोंद सांगते की आमच्या नावाने कोण मेल पाठवू शकतं. ती एकच असावी. होस्टिंगची एक आणि रिलेची एक अशा दोन वेगळ्या ओळी केल्या की दोन्ही बाद होतात. एकाच ओळीत दोघांना घ्या. शिवाय ती तपासताना दहापेक्षा जास्त डीएनएस चौकशा लागल्या तरी ती फेल. डीकिम ही प्रत्येक मेलवरची सही. २,०४८ बिटची किल्ली एका ओळीत मावत नाही, कारण डीएनएसच्या मजकुराचा एक तुकडा २५५ अक्षरांपर्यंतच असतो. काही पॅनल तो आपोआप तोडतात, काही निमूटपणे शेवट कापून टाकतात. नोंद केल्यावर बाहेरून वाचून बघा. डीमार्क ही नोंद सांगते की या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं. ती सुरुवातीला फक्त बघ्याच्या भूमिकेत, म्हणजे धोरण ‘नन’ वर ठेवा, अहवाल येतील तो पत्ता द्या, आणि दोन-तीन आठवडे सगळं पास होताना दिसलं की ‘क्वारंटाइन’ करा.

तपासणी सोपी आहे. एक मेल स्वतःच्या जीमेलला पाठवा, तिथे मेलच्या मेनूतून मूळ मजकूर उघडा. वरच एसपीएफ, डीकिम, डीमार्क या तिघांपुढे ‘पास’ दिसलं पाहिजे.

वीज, ऊन, कापसाची धूळ

सर्व्हर सहा तास बंद राहिला तर आलेली मेल हरवेल, ही भीती खोटी आहे. मधल्या मार्गात ती होस्टिंगवर वाट बघते. थेट स्वतः घेत असाल तरी समोरचा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स मुळात पाच दिवस करतो. डीपी जळाली आणि दोन दिवस महावितरणची वाट बघावी लागली तरी मेल येते, उशिरा येते.

धोका आहे तो अचानक वीज जाण्याचा. ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं देतो. तो यूएसबीने सर्व्हरला जोडा आणि एनयूटी नावाचा प्रोग्राम लावा, म्हणजे बॅटरी संपत आली की यंत्र स्वतःच नीट बंद होईल. त्याहून बरं म्हणजे इन्व्हर्टर. १५० एएचची १२ व्होल्टची ट्युब्युलर बॅटरी म्हणजे १,८०० वॉट-तास. निम्मी वापरायची म्हटली तर ९००. मिनी पीसी, फायबरचा डबा आणि स्विच मिळून ४० वॉट, इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च २० धरा. पंधरा तास निघतात. जुना डेस्कटॉप लावला तर हेच निम्म्यावर येतं, म्हणून यंत्र फुकट मिळालं तरी त्याचे वॉट विचारा.

मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याखालच्या केबिनमध्ये त्याहून जास्त. एसएसडी सहसा सत्तरच्या आसपास स्वतःचा वेग कमी करते, पण पंखे आधी मरतात. जिनिंगमध्ये तर कापसाचे तंतू प्रोसेसरच्या पंख्यावर नमद्यासारखे बसतात. हंगामात दर पंधरा दिवसांनी ब्लोअर मारा, आणि शक्य असेल तर सर्व्हर रेच्यांच्या (सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या) शेडपासून लांब, हिशेबाच्या खोलीत ठेवा. पावसाळ्यात विजेचा झटका बहुधा तांब्याच्या तारेतून येतो. फायबरमधून येत नाही, पण वजनकाट्यापर्यंत उघड्यावरून ओढलेल्या लॅनच्या तारेतून येतो आणि स्विचसकट सर्व्हरचा पोर्ट घेऊन जातो. तेवढा तुकडा फायबरचा करा किंवा वायरलेस.

बॅकअप, खाती, पैशाची मेल

दोन एसएसडीचा आरसा म्हणजे बॅकअप नव्हे. कोणी फोल्डर पुसला तर तो दोन्हीकडून पुसला जातो. रोज रात्री आरसिंकने बाहेरच्या डिस्कवर तारीखवार प्रत घ्या, अशा दोन डिस्क ठेवा, आणि एक कायम ऑफिसच्या बाहेर. महिन्यातून एकदा एखादा मेलबॉक्स त्या प्रतीतून वेगळ्या जागी उतरवून उघडून बघा.

रोज मेलक्यू ही आज्ञा चालवून रांग बघा. एरवी पाच-दहा मेल असणारी रांग एकदम हजारावर गेली म्हणजे कोणाचा तरी पासवर्ड फुटला आहे आणि तुमच्या नावाने स्पॅम जातोय. ते खातं आधी बंद करा, मग रांग साफ करा, मग रिलेवाल्यांना कळवा. उलट्या क्रमाने केलं तर रांग परत भरते. तासाला माणशी १०० मेलची मर्यादा आधीच लावून ठेवली तर नुकसान थोडक्यात आटोपतं. लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, किमान १८० दिवस जपा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशात संस्थांना तेच सांगितलं आहे, आणि सायबर घटना सहा तासांत कळवायचीही आहे.

एसपीएफ-डीमार्क न थांबवू शकणारी फसवणूक म्हणजे हुबेहूब दिसणारं डोमेन. व्यापाऱ्याच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं असतं आणि मेल म्हणते: आमचं बँक खातं बदललं, गाठींचे पैसे या नव्या खात्यात टाका. तो मेल सगळ्या तपासण्या पास होऊन येतो, कारण ते डोमेन खरोखरच त्या चोराचं असतं. खातं बदलाची मेल आली की जुन्या वहीतल्या नंबरवर फोन करूनच पैसे सोडायचे, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर तक्रार. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते.

जुन्या ठिकाणाहून बदल करताना

डोमेन संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ताब्यातल्या ईमेल-मोबाईलवर नोंदलेलं आहे ना, हे सगळ्यात आधी बघा. वेबसाईट करून देणाऱ्याने ते स्वतःच्या नावावर घेतलेलं असतं, आणि भांडण झालं की संस्थेचे सगळे पत्ते त्याच्या हातात जातात. नोंदीची माहिती आणि पॅनलचा पासवर्ड लेखी घ्या, नूतनीकरण एकदम तीन-पाच वर्षांचं करा. नूतनीकरणाची आठवण त्याच डोमेनच्या पत्त्यावर येऊ देऊ नका; डोमेन बंद पडलं की ती मेल कुठेच पोचत नाही.

मग एमएक्स नोंदीचा टीटीएल (इतरांनी ती नोंद किती वेळ धरून ठेवायची ती मुदत) बदलाच्या दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा. बदल शनिवारी संध्याकाळी करा. जुनी मेल आयमॅपसिंकने आधीच एकदा उतरवून ठेवा, बदलानंतर पुन्हा चालवा. दुसऱ्यांदा ते फक्त फरक आणतं, त्यामुळे लवकर संपतं. जुने मेलबॉक्स निदान पंधरा दिवस चालू ठेवा, कारण काही सर्व्हर जुनी नोंद धरून बसतात आणि मेल तिकडेच टाकतात. पंधरा दिवसांनी आयमॅपसिंक शेवटचं एकदा चालवा आणि मगच जुनं खातं बंद करा.